गिरणी आणि कायदा

सरकारनें व्यापारउदीमांत हात घालावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे. मुंबईंत त्याला तोंड फुटलें तें कापडाच्या गिरण्यांपायीं.

कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्यें सुरू झाली. त्यानंतर पंचवीस वर्षें मालक आणि मजूर यांच्यामध्यें कारखान्यांचा कोणताहि कायदा उभा नव्हता. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्र चालावें आणि लहान पोरांनींहि मोठ्यांबरोबर खपावें, असा शिरस्ता होता.

१८७५ मध्यें मुंबई सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. परंतु कायद्यासाठीं विलायतेंत गलका केला तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं. मुंबईचें स्वस्त सूत त्यांना सलत होतें. त्यामुळें मालकांना, तसेंच कित्येक देशाभिमानी पत्रांनाहि, हा कायदा म्हणजे भूतदयेचें पांघरूण घेतलेला मत्सर वाटला. संशय निराधार नव्हता. पण पोरांचे कष्टहि खोटे नव्हते.

१८८१ च्या कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांना कारखान्यांत मज्जाव केला आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं ९ तास ठरविले. प्रौढांविषयीं तो मुकाच राहिला. ही उणीव वेशीवर टांगली ती ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. १८८४ मध्यें मजुरांच्या सभा भरवून त्यांनीं हजारों सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पगार वेळेवर. १८९० मध्यें मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केलें व स्त्रियांचें काम ११ तासांवर आणलें.

धंदा मात्र कायद्याच्या पुढें धांवतो. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहींशी झाली. कित्येक ठिकाणीं काम १४-१५ तासांवर गेलें. म्हणून १९११ मध्यें कापडगिरण्यांतील पुरुषांसाठींहि १२ तासांची मर्यादा घालावी लागली. पुढें कामाचा आठवडा १९२२ मध्यें ६० तासांचा, १९३४ मध्यें ५४ तासांचा आणि १९४६ मध्यें ४८ तासांचा झाला.

नियमन कोणाच्या हेतूनें जन्मलें हें पाहणें योग्यच. पण तें कोणाच्या उपयोगीं पडलें, हेंहि पाहिलें पाहिजे. लँकेशायरचा मत्सर केव्हांच विरला, मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचीं धुराडींहि थंड झालीं. मजुरांनीं मागून घेतलेली आठवड्याची सुटी मात्र उरली.