नियमाचा अर्थ कोणी लावायचा?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण बाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून आमच्या सोसायटीत घडलेली एक गोष्ट सांगते.

आमच्या शेजारच्या वहिनी यजमान गेल्यापासून पोळीभाजीचे डबे देतात. दोन मुलांचे शिक्षण त्यावरच चालले आहे. दोन वर्षांमागे त्यांना कमिटीची नोटीस आली. गाळा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरावा, असा पोटनियम आहे. कमिटीने अर्थ लावला की, डबे म्हणजे धंदा. तो बंद करा, नाही तर रोज ५० रुपये दंड!

खरे सांगते, पहिली तक्रार माझीच होती. डबे न्यायला येणारी मुले जिन्यात गलका करीत. मी घरात कुरकुर केली, यजमानांनी ती कमिटीच्या कानावर घातली. तिची अशी नोटीस होईल हे मनातही नव्हते. वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडेच आल्या, तेव्हा मला मान वर करवेना.

मग पोटनियमांचे पुस्तक मागवले. त्यांना आता उपविधी म्हणतात. मुलीला शेजारी बसवून ते वाचून काढले. आपल्या राज्याचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा. त्यात रोजचा कारभार कमिटीकडे दिला आहे. नियमाचा अर्थ लावल्यावाचून कारभार चालत नाही, हे खरेच. पण अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. दंड ठरवणेही सभेचेच काम. पोटनियम बदलायचा तर सभेत दोन-तृतीयांश मते लागतात आणि निबंधकांकडे नोंदणी व्हावी लागते. म्हणजे अर्थ लावतो असे म्हणून कमिटीला नवा नियम करता येत नाही. घरातल्या कारभारणीने तिजोरीची किल्ली सांभाळावी, पण सगळे घरच आपले समजू नये, तसेच हे.

आम्ही चारचौघी सभेत बोलायला निघालो, तर निराळीच अडचण! भागपत्रावर नावे यजमानांची, म्हणून सभासदही तेच. त्या वहिनींचे तेवढे नाव लागलेले होते. अखेर आम्ही घरोघरी यजमानांना समजावले आणि वहिनी सभेत स्वतः बोलल्या. मीही यजमानांना, तक्रार गलक्याची होती, डब्यांची नव्हे, असे सभेत सांगायला लावले.

सभेने ठराव केला: वहिनींनी घरच्या घरी डबे करावेत, दंड रद्द, मात्र डबे न्यायला मुलांनी वर येऊ नये. आता वहिनींचा मुलगाच ते फाटकापाशी पोचवतो. जिना शांत आहे आणि वहिनींची चूलही पेटती आहे.

कमिटीतली माणसे वाईट नाहीत. बिनपगारी राबतात, त्यांचे उपकारच आहेत. पण आपण पुस्तक उघडत नाही, सभेला फिरकत नाही, आणि मग सगळे अर्थ त्यांनाच लावावे लागतात.

तेव्हा भगिनींनो, आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. पोटनियम एकदा वाचा आणि भागपत्र काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. आणि तक्रार करायची झाली, तर आधी शेजारणीचे दार वाजवा. मी ते वाजवले असते, तर नोटीस निघालीच नसती.