मांडवातली फुलं आणि फुलांचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, बँकेवर बोलू नका, फुलांवर बोला. फुलांवर बोलतो, पण बँक थोडी येणारच.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. एप्रिल महिना, समोरच्या मैदानात मांडव. डेकोरेशनवाल्याने नुसत्या फुलांचं अंदाजपत्रक दिलं 85,000 रुपयांचं. ऑर्किड, कार्नेशन, जरबेरा, वर पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी वेगळा. मुलीचे वडील माझ्याकडे आले ते फुलांविषयी विचारायला नाही; पर्सनल लोन किती मिळेल हे विचारायला. मी कागद घेतला. 85,000 रुपये, 12 टक्के व्याज, तीन वर्षं. दरमहा हप्ता सुमारे 2,820 रुपये, आणि फिटेपर्यंत जातात 1 लाख 1 हजारांच्या वर. फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्यात, हप्ता मात्र छत्तीस महिने. ते म्हणाले, "काका, पण वरपक्ष काय म्हणेल?" हा प्रश्न खरा होता. त्याला "काही म्हणणार नाही" असं उत्तर देऊन भागत नाही. मांडव देखणाच दिसायला हवा होता.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. कोणती फुलं आवडतात हे नंतर, आधी एप्रिलमध्ये गोंदियात काय टिकतं ते बघितलं. आपलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी अकराला लावलेला गुलाब चारला मान टाकतो, आणि जरबेऱ्याला तर तारेचा आधार दिल्याशिवाय उभंही राहता येत नाही. उन्हाळ्यात आपलं मानणारी फुलं दोन-तीनच: झेंडू, निशिगंध आणि मोगरा. गंमत बघा, झेंडू आणि निशिगंध दोघेही मूळचे मेक्सिकोचे. ऑर्किडला परदेशी म्हणून भाव देतो आणि यांना घरचे म्हणून हलकं लेखतो!

नागपूरला सीताबर्डीच्या फुलबाजारात पहाटे गेलं, तर फुलं किलोवर मिळतात. पहाटेचाच माल घ्यायचा, आणि दर आदल्या आठवड्यात फोनवर विचारून ठेवायचा. दसरा-दिवाळीत झेंडू आणि फेब्रुवारीच्या मध्यात गुलाब, यांच्या वाटेला जाऊ नये. आम्ही 40 किलो झेंडू आणला. सवय जात नाही, मी एक किलो मोजला. 160 फुलं भरली. म्हणजे एकूण 6,400. वीस जण ओवायला बसले तर प्रत्येकी 320. आदल्या संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या टाकून बसलो, गप्पांत दोन तासांत संपलं. दर तिसऱ्या फुलानंतर अशोकाचं पान ओवलं की माळ लांबते आणि हिरवा रंग मध्ये आल्याने उठून दिसते. झेंडूवर पाणी शिंपडू नका, तो काळा पडून कुजतो. पोती ओली करून जमिनीवर टाका, वर कोरडं कापड, त्यावर माळा, आणि पंखा. राइस मिलच्या गावात पोत्यांना काय तोटा! मोगऱ्याच्या मात्र मिटलेल्या कळ्या घ्यायच्या आणि केळीच्या ओल्या पानात गुंडाळायच्या. गोरज मुहूर्ताला त्या आपोआप उमलतात. अर्धा किलो कळ्यांत वधूवरांच्या माळा होऊन गजऱ्यांनाही उरल्या.

आता देखणेपणाचं. सगळीकडे थोडं थोडं लावलं की कुठेच काही दिसत नाही. पाहुण्याची नजर तीन ठिकाणी थांबते: प्रवेशदार, बोहलं आणि जिथे फोटो काढतात ती मागची भिंत. फुलं तिथेच. बाकी मांडव हिरवा. आपल्याकडे पूर्वी मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकत, त्या सावलीला गारवाही असायचा. आम्ही एकाच्या शेतातून बारीक डहाळ्या आणल्या. रंग दोनच ठेवले, पिवळा आणि पांढरा. मुलीच्या आत्याला लाल हवा होता. तिची समजूत घालायला झेंडू ओवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज मला आवडत नाही. तो कुजत नाही, पाण्यात चुरा होऊन राहतो. केळीच्या खांबाचे वीतभर तुकडे करा, त्यात निशिगंधाच्या छड्या खोचा. खांबातल्या ओलाव्यावर त्या रात्रभर ताठ राहतात. बुरडाकडच्या बांबूच्या टोपल्यांत हे तुकडे ठेवले होते. वरपक्षाकडच्या एका बाईंनी त्या टोपल्या कुठे मिळतात म्हणून विचारलं. वडिलांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

एकूण खर्च 21,400. त्यात दोन माणसांची मजुरी, टेम्पो, टोपल्या सगळं आलं. लोन घ्यावं लागलं नाही. डेकोरेशनवाल्याचं मी वाईट बोलत नाही. त्यालाही माणसं सांभाळायची असतात, रात्रभर जागायचं असतं. ज्यांची ऐपत आहे त्यांनी खुशाल त्याला काम द्यावं. आणि ज्यांच्याकडे ओवायला माणसं नाहीत, त्यांना आमची पद्धत जमणारही नाही. वीस हात नसतील तर 40 किलो झेंडू म्हणजे आदल्या रात्रीची शिक्षाच.

थंडीतल्या लग्नाला तर आणखी सोपं. शेवंती स्वस्त असते, आणि धान नुकतंच कापलेलं असतं. लोंब्यांची झालर दारावर बांधा. तिला पाणी नको, ती आठवडाभर टिकते, आणि नंतर चिमण्या खातात. प्लास्टिकची फुलं भाड्याने आणून मांडव भरणं मला कधीच पटलं नाही. पण पावसाळ्यात कुणी लावली तर मी भांडायला जाणार नाही.

पुढच्या महिन्यात बी विंगमध्ये लग्न आहे. मागच्या वेळचे बांबू, सुतळी आणि बावीस दाभणं पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत ठेवलेली आहेत. किल्ली माझ्याकडे आहे. निर्माल्य पंपहाऊसमागच्या खड्ड्यात टाकायचं, सुतळी मात्र आधी काढून घ्यायची.