चित्रकला शिक्षक व्हायचे तर...

(विहाराच्या वर्धापन दिनी भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही तिघे याच वस्तीतले. तिघेही निरनिराळ्या शाळांत चित्रकला शिकवतो. बोलायला एक उभा आहे, पण म्हणणे तिघांचे आहे.

दरवर्षी निकाल लागले की कुणीतरी माउली पोराची नाहीतर पोरीची चित्रकलेची वही घेऊन आमच्याकडे येते. म्हणते, "सर, हात चांगला आहे हो. पण चित्रं काढून पोट भरतं का?" हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात महिन्याचा हिशेब वीस तारखेलाच संपतो, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून आज कलेची थोरवी न सांगता आम्ही वाट सांगणार आहोत. कुठून निघायचे, किती वर्षे लागतात, पैसा कुठून येतो आणि शेवटी हाती काय पडते.

पहिली पायरी शाळेतच आहे. महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन ग्रेड परीक्षा घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय असतात. इंटरमिजिएटला घनभूमितीची भर पडते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. पालकांनी या परीक्षांना 'नुसती चित्रं' म्हणू नये. सातवी-आठवीपासून त्यांची तयारी करून घ्यावी.

पुढे दोन रस्ते फुटतात. एक जवळचा, तो ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमाचा. हा दोन वर्षांचा असतो. आमच्या आधीच्या पिढीतले बहुतेक ड्रॉइंग मास्तर याच वाटेने आले. दुसरा लांबचा, तो पदवीचा. बारावीनंतर राज्याची कलाशाखेची सीईटी द्यायची आणि चार वर्षांची बी.एफ.ए. करायची. जी.डी. आर्टची पदविकाही आहे, तिला फाउंडेशन धरून पाच वर्षे लागतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदवी हातात आली म्हणजे शिक्षक झालो असे होत नाही. चित्र काढता येणे वेगळे आणि साठ पोरांच्या वर्गाला चित्र शिकवता येणे वेगळे. म्हणून पदवीनंतर शिकवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. चित्रकारांसाठी कला शिक्षण पदविका म्हणजे डिप. ए. एड. आहे, आणि सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी बी.एड. आहे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. तिथे पाठाचे टाचण काढायचे, सराव पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा पाठ पाहायचा. सहा वर्षांचे मूल आईला घरापेक्षा मोठी का काढते, तेराव्या वर्षी तेच मूल "मला येत नाही" म्हणून कागद का चुरगाळते, हे तिथे कळते. आमच्यापैकी दोघे पदवीच्या वाटेने आलो. आमचे म्हणणे असे की चित्रकार आम्हाला कॉलेजने केले, पण शिक्षक आम्ही सराव पाठांत झालो.

आता सावधगिरीची गोष्ट. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीने घराजवळ पडते म्हणून एका संस्थेत नाव घातले. फी भरली, वर्ष घालवले, आणि मग कळले की त्या अभ्यासक्रमाला मान्यताच नाही. वडिलांनी त्यासाठी सोसायटीतून कर्ज काढले होते. पैसा फेडता येतो, पण पोरीचे वर्ष कोण परत देणार? ती खचली नाही, पुढच्या वर्षी मान्यताप्राप्त विद्यालयात गेली, ही तिची हिंमत. पण तुम्ही फी भरण्याआधी दोन प्रश्न विचाराच. संस्थेला कला संचालनालयाची किंवा विद्यापीठाची मान्यता आहे काय? आणि शिक्षकाच्या नोकरीला हा अभ्यासक्रम चालतो काय? उत्तर तोंडी घेऊ नका, कागद दाखवा म्हणा. बी.एड.ला जायचे असेल तर आपली पदवी तिथे चालते का, हेही बी.एफ.ए.ला नाव घालण्याआधीच पाहून ठेवा. पदवी झाल्यावर कळून उपयोग नाही.

पैशाचे म्हणाल तर मार्ग आहेत. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना आहे. पण हे सारे कागदांवर अडते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे बारावीत असतानाच काढायला घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीसमोर रांगेत उभे राहून रडणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

आता नोकरी. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. कायम जागा थोड्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुले असतील तर कलेसाठी निदेशक ठेवायला सांगितले, पण तो अर्धवेळ. कायम जागा मिळाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकला हे मानधन २०२३ मध्ये दरमहा १८,००० रुपये झाले. म्हणजे बारावीनंतर घराने सहा-सात वर्षे धीर धरायचा आहे. पण या वाटेवरचा मुलगा रिकामा बसत नाही. पाट्या रंगवणे, छपाईचे डिझाइन, ग्रेड परीक्षांचे वर्ग यांवर तो शिकतानाच हातखर्च काढतो. आमच्यापैकी एकाने पूर्ण बी.एड. दुकानांच्या पाट्या रंगवून केले.

काही वडीलधारी म्हणतात, "ही कला बड्या घरची, आपल्या घरची नव्हे." त्यांना आम्ही अजिंठा दाखवतो. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली चित्रे कागदावर, कॅनव्हासवर उतरवून घेत. त्यातल्या बऱ्याच प्रती पुढे लंडनला आगीत जळाल्या. पण ध्यानात घ्या, ज्या काळी या देशात कला शिकवण्याच्या शाळा नुकत्या उघडत होत्या, त्या काळी शिकणारे हात बुद्धांच्या जातककथा पाहून तयार होत होते. मग ही कला परकी कशी?

शाळेत आमच्या तासाला काय होते तेही सांगतो. वाचनात मागे म्हणून ज्या मुलाला सगळे 'ढ' म्हणतात, त्याचे चित्र जेव्हा फळ्याशेजारी लागते, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. एवढेच होते, पण ते फार मोठे आहे. तो एक दिवस शाळेत टिकावा म्हणून तिथे शिकलेला माणूस लागतो, आणि तो आपल्या वस्तीतून गेलेला असला तर त्याला ते पोर लवकर कळते.

तेव्हा पालकहो, हात चांगला असेल तर पोराला अडवू नका, आणि आंधळेपणाने ढकलूही नका. आम्ही तिघे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात बसणार आहोत. वही घेऊन या, गुणपत्रिका आणि दाखले घेऊन या. माहितीपुस्तिका आपण एकत्र बसून वाचू, अर्जही भरू. फी नाही, चहा मात्र तुमचा.