वजन परत का आलं?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’ हा विषय दिला होता. बँकेतला माणूस दिसला की लोकांना दुसरं काही सुचत नाही. मी म्हटलं, मला डाएटवर बोलायचंय. ते हसले. तुमच्यातलेही काही जण आत्ता हसताहेत, कारण २०१८ साली याच हॉलमध्ये, याच विषयावर मी तावातावाने बोललो होतो. त्या भाषणातलं थोडं आज मागे घ्यायचं आहे.

त्या सुमारास लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित घराघरांत पोचले होते. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. आपल्याकडे लगेच दोन तट पडले. मी दीक्षित पक्षाचा. आठ महिन्यांत ८४ किलोंवरून ७३ वर आलो, सगळ्या पँटी आल्टर करून घेतल्या आणि प्रचारक झालो. वजन कमी झालेला माणूस आणि नवा विमा एजंट, या दोघांबरोबर लिफ्टमध्ये जाऊ नये. सोसायटीला वजनकाटाही मीच भेट दिला होता.

बी विंगमधले माझे एक स्नेही आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच पुढचं सांगतोय. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह, साखर खाली आणणारी गोळी रोज सकाळी चालू. मी त्यांना म्हटलं, ‘नाश्ता बंद करा, काही होत नाही.’ त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास दरदरून घाम फुटून ते गेटपाशी खाली बसले. शुद्ध होती, म्हणून वॉचमनने चहाची साखर पाण्यात कालवून पाजली. डॉक्टरांकडे नेल्यावर तपासली तेव्हाही साखर ५८ होती. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, ‘भावोजी, तुमचं डाएट तुमच्यापाशी ठेवा.’

सुरुवात करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करून घ्या, हे डॉ. दीक्षित सांगत असत. तेवढं मी पुढे सांगताना गाळलं. गोळी साखर खाली ओढणार आणि पोटात अन्न नाही, तर काय होईल, हा साधा हिशेब मला सुचला नाही. अडतीस वर्षं हिशेबच केले होते. चूक संपूर्ण माझी.

पुढे माझंही वजन परत आलं. २०२१ साली काट्यावर ८२. ‘काका, सुटलं वाटतं?’ असं कोणी विचारलं की जीव नकोसा व्हायचा. मी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागलो, ते व्यायामासाठी नव्हे, लोक भेटू नयेत म्हणून. गंमत म्हणजे दोन जेवणं चालूच होती. त्या दोन जेवणांत भात कधी वाढत गेला, ते मला कळलंच नाही. आमच्या घरी हिला कळत होतं, पण ती बोलली नाही.

मग वाचायला लागलो. माझी समजूत होती की वजन म्हणजे बचत खातं. भरणा कमी केला, काढणं वाढवलं, की शिल्लक उतरणार. पण हे खातं निराळं आहे. भरणा कमी झाला की ते स्वतःच खर्चाला कात्री लावतं, आणि वर भरणा करा म्हणून रोज तगादा लावतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं. त्या पोरांना सतत थंडी वाजायची, डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय नाही, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पोटभर मिळू लागल्यावर वजन परत आलं, आणि चरबी आधी आली.

१९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन नावाचं संप्रेरक शोधलं. चरबीच ते तयार करते. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ साली आला. बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत आलं होतं, पण शरीराचा रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली. माझी इच्छाशक्ती मेली नव्हती, समोर वसुलीवाला बसला होता.

यावरूनच काही जण म्हणतात, प्रत्येकाचं एक नैसर्गिक वजन ठरलेलं असतं, शरीर तिथेच परत येतं. मला हे पूर्ण पटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इंद्रलोकमध्ये राहायला आलो तेव्हा भाईंदर स्टेशनवरून रात्री रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत. दिवे गेले की जिने. आज रात्री अकरापर्यंत गेटवर डिलिव्हरीची पोरं उभी असतात. माणसं तीच, आणि उद्घाटनाचा तो फोटो बघा, सगळे कसे काडीपैलवान! आकडा जन्मतः ठरलेला असता तर तो असा सरकला नसता. म्हणजे शरीर खाली यायला कडाडून विरोध करतं, वर जायला मात्र फारशी तक्रार करत नाही. आजूबाजूचं सगळं तसंच ठेवून फक्त ताट कमी केलं, तर ते फार दिवस टिकत नाही.

आणि काटा तरी किती खरा? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आतून चरबी बाळगतो, विशेषतः पोटावर. म्हणून आपल्याकडे कंबर बघायची. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०. माझी ९६ आहे. लपवत नाही.

मग डाएट करायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. माझी पोटावरची घट काही काळ टिकली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर खरोखर उतरली होती, ती कमाई खोटी नव्हती. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ च्या एका मोठ्या प्रयोगात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार कमी केलेल्या जवळजवळ निम्म्या मधुमेहींची साखर वर्षभरात गोळीशिवाय आटोक्यात आली होती. दोन वर्षांनी ते प्रमाण घसरलं, पण तरीही एक-तृतीयांशाहून जास्त राहिलं. ‘देखरेखीखाली’ हा शब्द मी आता मुद्दाम दोनदा म्हणतो.

सध्या माझं वजन ८० आहे. आठवड्यातून पाच दिवस मी आणि पहिल्या रांगेतले माझे स्नेही संध्याकाळी साडेसहाला गेटवर भेटतो आणि गोल्डन नेस्टपर्यंत जाऊन येतो. खिशात ते खडीसाखर ठेवतात, मीही ठेवतो. वजनाचं आम्ही बोलत नाही. सूनबाई, नातवंडं, सोसायटीचं पाण्याचं बिल, विषय पुष्कळ असतात.

सेक्रेटरी साहेब, या हॉलच्या कोपऱ्यातला तो काटा माझाच आहे. तो उचलून स्टोअररूममध्ये ठेवावा आणि त्या जागी मी दिलेला शिंप्याचा टेप आणि साखर तपासायचं यंत्र ठेवावं, एवढी विनंती आहे. येता-जाता कोणाला ‘वाढलात हो’ म्हणण्याची आपली सवयही त्याच स्टोअररूममध्ये गेली तर बरं.

वहिनींनी आज सात वर्षांनी मला जेवायला बोलावलंय. किती वाजता आणि किती खायचं ते त्याच ठरवणार आहेत, आणि आत्ता त्या घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा मी थांबतो. नमस्कार.