खरखरीतून वेचलेली अक्षरं



रात्री लघुलहरींवर दूरचं एखादं केंद्र लावताना होणारी खरखर आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे. आवाज वर येतो, बुडतो, मध्येच शेजारचं केंद्र घुसतं. भाषा आपली असली की निसटलेला शब्द आपण अंदाजानं भरून काढतो. पण ऐकू येणारं सगळंच निरर्थक असेल तर?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘वाय’ केंद्रांवर रात्रंदिवस हेच काम चालायचं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल. ऐकणाऱ्यांत तरुण मुली पुष्कळ होत्या. जर्मन सैन्याचं मोर्समधलं कट्ट-कडकट्ट ऐकायचं आणि अक्षरांचे गट कागदावर उतरवत जायचं. मोर्समध्ये चार टिंबं म्हणजे एच, तीन टिंबं म्हणजे एस. खरखरीत एक टिंब बुडालं की अक्षर बदललं. आणि शत्रूला ‘पुन्हा सांग’ म्हणायची सोय नाही!

हे कागद ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेतभेद केंद्राला जात. संदेश एनिग्मा यंत्रानं गुप्त केलेले असत. जर्मन भूदलाच्या यंत्राची मांडणी किती प्रकारे करता येई? १५९ वर अठरा शून्यं, जवळपास इतक्या प्रकारे. शिवाय ती रोज बदलायची. पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीनं १९३२ मध्येच या यंत्राची आतली रचना गणितानं शोधली होती, पण आजची मांडणी आजच सापडायला हवी. पाणबुड्यांचा हल्ला होऊन गेल्यावर संदेश वाचून काय उपयोग?

म्हणून अंदाज बांधायचा: या संदेशात अमुक शब्द असणार, बहुधा हवामानाचा. एनिग्मात कोणतंही अक्षर स्वतःसारखं उमटत नसे, त्यामुळे तो शब्द कुठे बसणार नाही हे कळायचं. मग ब्लेचलीतले गणितज्ञ ट्युरिंग आणि वेल्चमन यांची ‘बॉम्ब’ नावाची यंत्रं मांडण्या तपासत. पण अंदाज लावलेल्या तुकड्यातलं एक अक्षर जरी चुकीचं उतरलेलं असलं, तरी यंत्र खरी मांडणीसुद्धा नाकारू शके. गणित अचूक, यंत्र अचूक, आणि तासन्‌तासांची मेहनत एका बुडालेल्या टिंबापायी वाया. मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हेडफोनमागचे कान.

१ फेब्रुवारी १९४२ ला अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी तीन फिरत्या चक्रांच्या एनिग्मा यंत्रात चौथं चक्र बसवलं आणि ब्लेचलीला त्यांचे संदेश वाचता येईनासे झाले. दहा महिने. ३० ऑक्टोबरला भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी ब्रिटिश नौदलानं जखमी केली. ती बुडत असताना नौदलाचे अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर आत उतरले. जहाजाच्या उपाहारगृहात काम करणारा सोळा वर्षांचा टॉमी ब्राऊन त्यांच्या हातून कागद घेऊन वर देत होता. ब्राऊन वाचला. ते दोघे पाणबुडीबरोबर गेले.

त्या कागदांत हवामानाच्या छोट्या संदेशांची संकेतपुस्तिका होती. असे संदेश पाठवताना चौथं चक्र ठरावीक जागी असे, म्हणजे यंत्र पुन्हा तीन चक्रांचंच होई. डिसेंबरात वाट मोकळी झाली. पण ते इवलेसे संदेशही आधी कुणीतरी खरखरीतून अचूक उतरवायचे होते. ते उतरवणाऱ्या कित्येक मुलींना आपण काय लिहिलं, त्याचं पुढे काय झालं, हे त्या वेळी सांगितलं गेलं नाही. ब्लेचलीचं गुपित १९७४ मध्ये जगापुढे आलं, तेव्हा त्यांच्या घरी मुलंबाळं मोठी झाली होती.