ओळखीची गोष्ट



आपल्या पाटोद्याकडची नव्याने कथा लिहिणारी मुलं एक शंका हमखास विचारतात. ऊसतोडीवर आता आणखी काय लिहायचं? आगाऊ घेतलेली उचल, टोळी नेणारा मुकादम, दसऱ्यानंतर निघालेली टोळी, फडाशेजारची कोपी आणि शेवटी एक मरण. वाचणाऱ्याला पुढचं पान आधीच कळलेलं असतं. मग आमचं वेगळं ते काय?

या मुलांना मी गहिनीनाथगडाची आठवण करून देतो. तिथे कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभंग पाठ असतो, दृष्टान्तातली गोष्टही त्याने कितीदा ऐकलेली असते. तरी तो जागचा हलत नाही. त्याच चरणाची उकल बुवा आज कुठून करतात, हे त्याला ऐकायचं असतं. गोष्ट नवी हवी, अशी त्याची मागणीच नसते.

लिहिण्यातही तसंच. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 सालची. परका तरुण मास्तर खेड्यात येतो, गाव त्याला आधी जोखतं, मग आपला म्हणतं, शेवटी दुष्काळात गाव ओस पडतं. हा सांगाडा तेव्हाही काही अपूर्व नव्हता. पण माणदेशातले धनगर, त्यांची मेंढरं, कारभाऱ्याचा रुसवा, सगळ्यांनी राबून उभी केलेली तालीम हे माडगूळकरांनी इतक्या जवळून पाहिलं होतं की ते गाव दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही.

ऊसतोडीच्या कथेचा साचा तर लेखकाने घातलेलाच नाही, तो साखर कारखान्याच्या हंगामाने घातला आहे. पाऊस सरला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्नंही लवकर उरकली जातात. जे घरोघर घडतं ते कथेत पुन्हा पुन्हा येणारच. त्यात उसनं काही नाही.

उसना असतो तो शेवट. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नंतर माझ्या वाचनात आलेल्या कित्येक कथांत ती बाई नुसती सोसते, रडते आणि कथा संपते. डॉक्टरांनी काय सांगून तिला तयार केलं, पैसे कुणाकडून उचलले, पुढच्या हंगामात मोळी डोक्यावर घेताना तिला काय झालं, सासू काय बोलली, हे कुठेच नसतं. बातमी जिथे थांबली तिथेच कथाही थांबते. याचा मला मनापासून राग येतो.

मुकादमाचंही तेच. तो बहुतेकदा आसपासच्याच गावचा, कधीकाळी स्वतः फडात राबलेला. कारखान्याची उचल त्याच्या नावावर असते आणि एखादी जोडी मधूनच निघून गेली की ती रक्कम त्याच्या गळ्यात येते. म्हणून त्याची दांडगाई माफ होत नाही. पण अशा रात्री तो घरी काय बोलतो, हे मला अजून कुठल्या कथेत सापडलं नाही.

आणि गावात नातवंडं सांभाळत मागे राहिलेली म्हातारी? कथेत ती उंबऱ्यावर बसून वाट बघते, एवढंच. तिचं रेशन कोण आणतं, नात वयात आली की ती काय करते, फोनवर लेकाला काय सांगते आणि काय लपवते? साचा जुनाच राहू द्या, पण लिहिण्याआधी एकदा तिच्याजवळ जाऊन बसा आणि हे तिलाच विचारा.