मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय तेव्हापासून झाला. त्या ११ मुलांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं होतं. साधारण वर्षभरानं आईवडील त्याला परत घेऊन आले. कॅनरकडे जाण्याआधी वडिलांनी त्यांना ३३ पानांचं पत्र पाठवलं. मुलगा काय खातो, काय गरगर फिरवत बसतो, कोणते शब्द घोकतो, सगळं त्यात होतं. कॅनर यांच्या लेखनाला या पत्राचा मोठा आधार मिळाला. घरच्यांना जे दिसतं ते तासाभराच्या तपासणीत दिसत नाही, हे इतक्या आधीपासून माहीत आहे. तरीही थेरपी चालू असताना आईनं बाहेरच्या बाकावर बसायचं, अशी पद्धत कितीतरी ठिकाणी आहे.

पण मला आज सांगायचंय ते त्या पत्रानंतरचं. १९४२ मध्ये आईवडिलांनी डोनाल्डला घरापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं. त्याला मोजमापाचं विलक्षण वेड होतं. त्या शेतकऱ्यानं त्याला विहिरीच्या खोदकामात घेतलं आणि खोली किती झाली ते सांगायचं काम दिलं. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करत असे. त्याला एक जागा नेमून दिली, तिथे तो त्यांना पुरून वर नावाच्या पाट्या लावू लागला. मक्याच्या ओळी तो सारखा मोजायचा, तर नांगर धरून मोज म्हणाले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तिथे गेले, तेव्हा हा मुलगा घोडा आणि नांगर व्यवस्थित हाकत होता.

त्या शेतकऱ्याकडे कुठली पदवी नव्हती. पण मोजणं बंद कर, असं तो म्हणाला नाही. मुलाचं मन जिथे रमतं तिथेच त्यानं कामाची जागा काढली. आज ज्याला आपण बलस्थानांवर आधारलेलं काम म्हणतो, त्याचा याहून चांगला नमुना मला सांगता येणार नाही. पुढे डोनाल्ड पदवीधर झाले, गावातल्या बँकेत त्यांनी नोकरी केली, गोल्फ खेळले, एकट्यानं देशोदेशी हिंडले. २०२३ साली, ८९ व्या वर्षी ते वारले. घरची बँक होती, पैसा होता, गावानं सांभाळून घेतलं, हेही खरंच. मात्र १९७१ मध्ये कॅनर यांनी त्याच ११ जणांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी इस्पितळांत टाकलेल्या मुलांची अवस्था फार वाईट होती. तिथे दाखल होणं म्हणजे जन्मठेपच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता आपल्याकडे येऊ. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. नजरेला नजर देत नाही, एकटा राहतो, असे ते मुद्दे. गुण जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त. प्रमाणपत्र हवंच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, आणि त्यातल्या सवलती मुलांच्या हक्काच्या आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. हीच उणिवांची यादी पुढे थेरपीचं उद्दिष्ट होऊन बसते. नजर देत नाही? मग नजर द्यायला शिकवा. हात हलवतो? हात धरून ठेवा. हात हलवून ते मूल स्वतःला शांत करत असेल, तर आपण त्याच्याकडून काय काढून घेतो, याचा विचार कोण करतं? स्वमग्न प्रौढ माणसं आज स्वतः लिहिताहेत, की आयुष्यभर ‘नॉर्मल’ दिसण्याची कसरत करून ती पार थकून गेली आहेत. ते ऐकायला हवं.

संवादाबद्दलही तसंच. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळत गेली. तेव्हा संवादकौशल्याचे वर्ग आपल्यालाही लागतात.

आता त्या शेतकऱ्याची रीत आपल्याकडे लावून पाहू. समजा, एका मुलाला मध्य रेल्वेची सगळी स्टेशनं क्रमानं पाठ आहेत. आपण काय करतो? हा विषय बंद, म्हणतो; किंवा पाच गणितं सोडव, मग गाड्यांचं पुस्तक देईन, असं आमिष दाखवतो. त्यापेक्षा घड्याळ त्या वेळापत्रकावरून शिकवा. अंतर, तिकिटाचे पैसे, नकाशा, अनोळखी माणसाला विचारायचा प्रश्न, सगळं तिथूनच शिकवता येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. बलस्थान म्हणजे अचाट बुद्धी नव्हे. डोनाल्ड यांनी ८७ गुणिले २३ चं उत्तर क्षणात दिल्याची गोष्ट लोक रंगवून सांगतात, आणि मग प्रत्येक पालक आपल्या मुलात तसलं काही शोधू लागतो. जे मूल बोलत नाही, ज्याला अंघोळीपासून मदत लागते, त्यालाही आवडी आहेत, नकार आहेत. त्याला चित्रांचा तक्ता किंवा टॅबलेट द्या, आणि त्यानं ‘नको’ दाखवलं तर खरंच थांबा. बलस्थानाचं नाव घेऊन मदतनीस, औषध, परीक्षेतला जादा वेळ काढून घेणं हा अन्याय आहे.

इथे बसलेल्या व्यावसायिकांना माझी विनंती आहे. पुढचा अहवाल लिहाल तेव्हा पहिल्या पानावर लिहा: या मुलाला काय आवडतं, कशानं त्रास होतो, काय केलं की त्याला जमतं, आणि त्याला स्वतःला काय हवंय. गुणांची पट्टी दुसऱ्या पानावर चालेल. आणि पालकहो, पहिलं पान तसं नसेल, तर ते मागून घ्या.